छोट्या इंटरनेट पुरवठादारासाठी बिलिंग सॉफ्टवेअर: कुणी कोणतं घ्यावं आणि का

तालुक्याच्या गावात तीनशे ते दोन हजार कनेक्शन, मायक्रोटिकचा मुख्य राउटर, पीपीपीओई (आयडी-पासवर्डने नेट जोडण्याची पद्धत), घरात जीपॉनची किंवा ईपॉनची ओएनयू (फायबरचा सिग्नल घेणारी पेटी), आणि बहुतेक प्लॅन महिन्याचे, पैसे आधी भरायचे. अशा पुरवठादाराने डॅशबोर्डवरचे आलेख सगळ्यात शेवटी बघावेत. आधी बघायचं ते एवढंच, की मुदत संपली की आयडी आपोआप बंद होतो का आणि पैसे जमा होताच कुणी हात न लावता तो परत सुरू होतो का. बाकीची कामं वहीवर किंवा एक्सेलवर निभावतात, हे निभावत नाही.

परवाना कुणाच्या नावावर आहे तेही आधी बघा. दुसऱ्या कंपनीची फ्रँचायझी चालवत असाल तर रेडियस (लॉगिन तपासणारा आणि वापर मोजणारा सर्व्हर), ग्राहक अर्ज आणि लॉग त्या कंपनीकडे असतात आणि पॅनेलही तिचंच वापरावं लागतं. मग तुम्हाला लागते फक्त वसुलीची आणि तक्रारींची नोंद. त्यासाठी पूर्ण सॉफ्टवेअर घेणं म्हणजे पैसे वाया. पुढचं सगळं स्वतःचा ब किंवा क वर्गाचा, नाहीतर व्हीएनओ (दुसऱ्याच्या नेटवर्कवरून सेवा देण्याचा) परवाना असलेल्यांसाठी आहे.

समोर साधारण पाच पर्याय येतात. मायक्रोटिकचं स्वतःचं युजर मॅनेजर. फ्रीरेडियस आणि त्यावर डॅलोरेडियस. युबिक्विटीचं यूआयएसपी, ज्यात सीआरएम (ग्राहक आणि बिलांची नोंद) येतं. चेक कंपनीचं स्प्लिंक्स. आणि जेझ आयएसपी मॅनेजर किंवा २४ऑनलाइनसारखी भारतीय तयार सॉफ्टवेअर.

युजर मॅनेजर फुकट आहे आणि तासाभरात चालू होतं, पण त्याची हद्द राउटरच्या लायसन्सवर ठरते. लेव्हल ४ वर एका वेळी २० सत्रं (चालू लॉगिन), लेव्हल ५ वर ५०, लेव्हल ६ वर मर्यादा नाही. (पीपीपीओईची हद्द वेगळी: लेव्हल ४ ला २००, लेव्हल ५ ला ५००.) जीएसटीचं बिल आणि तक्रारींची नोंद त्यात नाही. लेव्हल ६ असेल तर शंभरेक कनेक्शनपर्यंत, हिशेब टॅलीत ठेवून, ते पुरतं. त्यापुढे रोजच्या रिन्यूअलचं काम माणसाच्या अंगावर येतं.

फ्रीरेडियस या सगळ्यांत भक्कम. डॅलोरेडियस मात्र त्यावरचं केवळ व्यवस्थापनाचं पान आहे. आपल्याकडचं बिल, यूपीआय आणि एसएमएस स्वतः लिहून घ्यावं लागतं. लिनक्स आणि मायएसक्यूएल जाणणारा माणूस पगारावर असेल तरच हा रस्ता धरा. तो माणूस सोडून गेला की दुसऱ्याला ते कोड वाचायलाच महिना जातो.

यूआयएसपी दिसायला सुरेख आहे, स्वतःच्या सर्व्हरवर फुकट चालतं आणि युबिक्विटीच्या उपकरणांशी छान जुळतं. पण त्यात स्वतःचा रेडियस सर्व्हर येत नाही. पीपीपीओईवर चालणाऱ्या फायबर नेटवर्कला त्यामुळे ते अर्धंच पडतं. वायरलेसवर खेड्यापाड्यांत नेट देणाऱ्यांनी मात्र आधी हेच बघावं.

खरी निवड स्प्लिंक्स आणि भारतीय सॉफ्टवेअर यांच्यात होते. दोन्हींत रेडियस आहे, दोन्ही आगाऊ भरण्याचे प्लॅन सांभाळतात. स्प्लिंक्सचे दस्तऐवज आणि एपीआय (दुसरी सॉफ्टवेअर जोडण्याची सोय) नीटनेटके आहेत. भारतीय सॉफ्टवेअरमध्ये जीएसटी, यूपीआय आणि डीएलटी (एसएमएसचे साचे मंजूर करून घेण्याची व्यवस्था) पहिल्या दिवसापासून जागेवर असतात. डेमो घेताना दोघांनाही पुढच्या चाचण्या लावा.

पहिली चाचणी वीज जाण्याची. गावाची लाइट गेली आणि राउटर एकदम बंद झाला, तर सत्र संपल्याचा निरोप रेडियसकडे पोचत नाही. हिशेबाच्या तक्त्यात ते सत्र उघडंच राहतं. लाइट आल्यावर ग्राहक परत जोडायला जातो, पण एका आयडीला एकच लॉगिन असा नियम असेल तर सॉफ्टवेअर त्याला ‘आधीच चालू आहे’ म्हणून नाकारतं. अर्धं गाव फोन करतं. चांगलं सॉफ्टवेअर दर ५ ते १० मिनिटांनी येणारा अंतरिम हिशेब (सत्र चालू असल्याचा राउटरचा निरोप) बघतं आणि दोन-तीन वेळा तो चुकला की सत्र स्वतः बंद करतं. डेमोच्या वेळी चाचणीच्या राउटरची वायर उपटून हे बघाच. त्याच वेळी आणखी एक सेटिंग तपासा: मायक्रोटिकमध्ये रेडियसचा टाइमआउट मुळात ३०० मिलिसेकंद असतो. पाचशे आयडी एकदम लॉगिन करू लागले की सर्व्हरला तेवढ्यात उत्तर देता येत नाही, राउटर पुन्हा विचारतो आणि गर्दी वाढतच जाते. तो ३ सेकंद करा.

याच कारणाने रेडियस फक्त व्हेंडरच्या क्लाउडवर ठेवू नका. त्याचा सर्व्हर बंद पडला तर चालू सत्रं टिकतात, पण नवीन लॉगिन थांबतं. आणि लाइट गेल्यानंतर सगळीच लॉगिन नवीन असतात. हिशेब क्लाउडवर आणि रेडियस तुमच्या कंट्रोल रूममध्ये, अशी मांडणी जो देतो त्याला झुकतं माप द्या.

दुसरी चाचणी मुदत संपल्यावरची. आयडी सरळ नाकारला तर घरातला राउटर काही सेकंदांनी पुन्हा डायल करत राहतो. असे दोनशे आयडी साचले की रेडियसला विनाकारण भार. त्यापेक्षा मुदत संपलेल्याला वेगळ्या आयपी पूलमध्ये (पत्त्यांच्या गटात) टाकावं, जिथून फक्त तुमचं पोर्टल आणि पेमेंट गेटवे उघडेल. पैसे आले की सॉफ्टवेअरने पोर्ट ३७९९ वर राउटरला निरोप पाठवून सत्र तोडायचं किंवा वेग बदलायचा. मायक्रोटिकमध्ये हे निरोप स्वीकारणं मुळात बंद असतं, ते रेडियस इनकमिंगमध्ये चालू करावं लागतं. ‘रिचार्ज केलं पण राउटर बंद-चालू केल्याशिवाय नेट येत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते. आणि मुदत मध्यरात्री संपवू नका, दुपारी बाराला संपवा. तेव्हा ऑफिसात कुणीतरी असतं.

तिसरी, वापराचा आकडा. रेडियसचा मूळ काउंटर ३२ बिटांचा असल्यामुळे ४ जीबीनंतर शून्यावर येतो. पुढची मोजणी गिगावर्ड्स या वेगळ्या रकान्यात असते. तो रकाना न वाचणारं सॉफ्टवेअर ६२ जीबी वापरलेल्याला २ जीबी दाखवू शकतं. चाचणीच्या आयडीवर १० जीबीची फाइल उतरवली की कळतं. वेग देतानाही उलटापालट होते: मायक्रोटिकच्या रेट-लिमिटमध्ये ‘२०एम/५०एम’ म्हणजे आधी ग्राहकाचा अपलोड २०, मग डाउनलोड ५०.

पेमेंटमध्ये गेटवेचा निरोप हरवतो तेव्हा काय होतं ते विचारा. ग्राहकाचे पैसे कापले गेले, निरोप आला नाही आणि आयडी बंदच, असं होऊ नये. सॉफ्टवेअरने काही मिनिटांनी स्वतः गेटवेला विचारून खात्री करायला हवी. उलट एकच निरोप दोनदा आला तर मुदत दोन महिने वाढता कामा नये.

बिलाच्या बाबतीत भारतीय सॉफ्टवेअर सरस ठरतं. ४९९ रुपयांच्या प्लॅनवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सीजीएसटी ४४.९१ आणि एसजीएसटी ४४.९१, एकूण ५८८.८२. दोन्ही ओळी वेगळ्या छापल्या पाहिजेत, एसएसी (सेवेचा जीएसटी कोड) ९९८४२२ हवा, बिल क्रमांक १६ अक्षरांच्या आत आणि वर्षभर सलग हवा. चुकीचं बिल पुसून तोच क्रमांक परत वापरू देणारं सॉफ्टवेअर घेऊ नका. तिथे क्रेडिट नोटच निघायला हवी. सेवेवरचा कर बिल किंवा पैसे यांपैकी जे आधी होईल त्या तारखेला लागू होतो. वसुलीच्या मुलाने ३१ तारखेला रोख घेतली आणि नोंद २ तारखेला झाली, तर कराचा महिनाच चुकतो. त्यामुळे त्याच्या मोबाइलवर, दारातच पावती फाडणारं अॅप गरजेचं आहे. स्प्लिंक्समध्ये बिलाचा साचा बदलून हे बरंचसं बसवता येतं, पण ते काम कोण करणार आणि किती पैसे घेणार ते आधी लिहून घ्या.

मुदतीची आठवण मराठीत पाठवायची असेल तर एसएमएस युनिकोडमध्ये जातो आणि १६० ऐवजी ७० अक्षरांतच एक संदेश संपतो. डीएलटीवर साचा मंजूर करून घेताना वाक्य आखूड ठेवलंत तर खर्च निम्मा होतो.

लॉगबद्दल विक्रेते ‘सगळं आहे’ म्हणतात, तिथे थांबू नका. परवान्याच्या अटींनुसार हे रेकॉर्ड किमान दोन वर्षं ठेवावं लागतं. पोलिसांचं पत्र येतं त्यात सार्वजनिक आयपी, पोर्ट आणि वेळ असते. तुम्हाला नाव-पत्ता द्यायचा असतो. नॅटच्या (अनेक ग्राहकांत एक सार्वजनिक आयपी वाटण्याच्या) लॉगमधून आतला आयपी, त्यावरून रेडियसचं सत्र आणि त्यावरून ग्राहक अर्ज, ही साखळी एका शोधात जुळते का ते बघा. एका आयपीमागे ६४ ग्राहक असतील आणि लॉगमध्ये पोर्टच नसेल तर उत्तर देता येत नाही. प्रत्येकाला १००८ पोर्टचा ठरलेला गट दिला तर लॉगही खूप कमी होतो. राउटर आणि सर्व्हर दोन्हींची घड्याळं एनटीपीने जुळलेली हवीत.

म्हणून ३०० ते १५०० कनेक्शनच्या फायबरवाल्याने, घरचा लिनक्सवाला नसेल तर, स्थानिक रेडियस देणारं भारतीय सॉफ्टवेअर घ्यावं. त्यापुढे वाढायचं असेल आणि एपीआयवर काम करणारा माणूस असेल तर स्प्लिंक्सचा विचार व्हावा.

करारावर सही करण्याआधी डेटा परत मिळण्याची अट घालून घ्या: ग्राहक, शिल्लक, मुदतीच्या तारखा, अर्जांच्या प्रती आणि पीपीपीओईचे पासवर्ड. चॅपवर (पासवर्ड उघडा न पाठवता तपासण्याच्या पद्धतीवर) चालणाऱ्या सर्व्हरला पासवर्ड उघड्या रूपात ठेवावेच लागतात, त्यामुळे ‘ते देता येत नाहीत’ हे कारण खरं नसतं. जुना व्हेंडर तरीही अडून बसला, तर बदलाच्या काळात राउटरवर फक्त पॅप (यात पासवर्ड उघडा येतो) चालू ठेवा आणि नव्या सर्व्हरने ओळखीच्या आयडीचा पहिला पासवर्ड, कोणताही असो, स्वीकारून नोंदवून घ्यावा. चार-पाच दिवसांत बहुतेक आयडी जमा होतात. उरलेल्यांच्या घरी लाइनमन पाठवावा आणि मग चॅप परत चालू करावं.