हॉलंडचे डॅफोडिल म्हणून रेन लिली गळ्यात मारली, 9,130 रुपये गेले

आधीच सांगते, हसायचं असेल तर हसून घ्या, घरात सगळ्यांचं हसून झालंय. मी बँकेत 22 वर्षं काउंटरवर काढली. ओटीपी सांगू नका, अनोळखी माणसाला पैसे पाठवू नका हे दिवसातून पन्नास वेळा लोकांना ऐकवणारी बाई मी, आणि मलाच एका पोराने फुलांच्या कांद्यांवर गंडवलं. लाज वाटते म्हणून इतके दिवस गप्प होते, पण आमच्या घोडबंदर रोडवरच्याच अजून एका बाईंना तोच माणूस आता भेटलाय असं कळलं म्हणून लिहितेय.

मी अगदीच नवखी नाही हो. तीन हिवाळे माझ्या बाल्कनीत पेपरव्हाइट, म्हणजे डॅफोडिलचीच छोटी पांढरी जात, फुलतायत. त्यांना थंडी लागत नाही, वाटीत खडे आणि पाणी घालून ठेवले की महिना-दीड महिन्यात फुलं, आपली नर्गिस म्हणतो ती याच गटातली. मोठे पिवळे डॅफोडिल मी कधी केले नाहीत कारण त्यांना 12 ते 16 आठवडे गारवा लागतो, तो ठाण्यात फक्त फ्रिजमध्ये मिळतो आणि आमच्या फ्रिजवर सासूबाईंचं राज्य आहे.

पण मला वेड लागलं ते हूप पेटीकोट नावाच्या छोट्या डॅफोडिलचं (नार्सिसस हे डॅफोडिलचंच शास्त्रीय नाव). नार्सिसस कँटाब्रिकस पांढरं आणि रोमिएक्सी फिकट पिवळं. फूल म्हणजे लहान मुलीचा फुगलेला परकर, पाकळ्या नावाला. रोमिएक्सी मोरोक्कोच्या ॲटलस डोंगरातलं, कँटाब्रिकस दक्षिण स्पेन आणि उत्तर आफ्रिकेतलं (नाव कँटाब्रियाचं, पण तिथे ते उगवतच नाही, नावातच गफलत असलेलं फूल मी निवडलं, घ्या). दोन्ही ऐन थंडीत, डिसेंबर ते फेब्रुवारी फुलतात, आणि पानं गवताच्या काडीसारखी बारीक. ही पानं लक्षात ठेवा, त्यांनीच माझा घात केला.

आपल्याकडे हे बल्ब मिळतच नाहीत. म्हणून एका ग्रुपवर "हॉलंड इम्पोर्ट, लिमिटेड स्टॉक, नवी मुंबई" असं दिसलं तेव्हा माझं डोकंच चाललं नाही. फोटो बघाल तर वेडे व्हाल, मातीच्या कुंडीत गच्च फुललेलं, कुंडी वाळूत रुतवलेली. विलायती काचघरातला फोटो होता तो, उचललेला. इमेज सर्च केला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं. नाही केला.

हिशोब असा. कँटाब्रिकस 12 नग, 350 प्रमाणे 4,200. रोमिएक्सी 6 नग, 450 प्रमाणे 2,700. पॅकिंग-कुरिअर 380. असे 7,280 रुपये 14 ऑक्टोबर 2024 ला यूपीआयने गेले. पैसे पाठवताना स्क्रीनवर नाव भलत्याच कुणाचंतरी आलं, विचारलं तर म्हणे मिसेसचं अकाउंट आहे. माझेही व्यवहार ह्यांच्या अकाउंटवरून होतात कधीकधी, म्हणून सोडून दिलं. मग 2 नोव्हेंबरला मेसेज, माल क्वारंटाइनला अडकलाय, क्लिअरन्सचे 1,850 भरा नाहीतर बल्ब नष्ट करतील. सोबत फायटोसॅनिटरी सर्टिफिकेटचा, म्हणजे झाडांना रोग-कीड नसल्याच्या दाखल्याचा फोटो. त्यावर वनस्पतीचं नाव काय होतं माहितीय? ट्युलिप! मी विचारलं, तर कन्साइनमेंट एकत्र आहे म्हणाला. तरी भरले. 7,280 आधीच गेलेले असतात ना, तेच पुढचे 1,850 ओढून नेतात, ज्याचं जातं त्यालाच कळतं. देशातल्या विक्रेत्याकडून घेताना कस्टम आणि क्वारंटाइन ही त्याची भानगड असते, आपण वेगळे पैसे द्यायचेच नसतात. आयातीच्या परमिटची कॉपी मागा, नाही दिली तर तिथेच थांबा.

आता तो क्षण, जो रात्री झोपताना अजून डोळ्यासमोर येतो. 9 नोव्हेंबर, शनिवार, खोका उघडला. आत आपल्याकडचाच मराठी पेपर, ओला. त्यात बल्ब, आणि बल्बना लाल माती. तांबडी, चिऱ्याचे बारीक खडे असलेली, कोकणात गेल्यावर चपलेला लागते ती. वर पांढरी जिवंत मुळं. अहो, डॅफोडिलचे बल्ब झोपेत असताना सुके, मुळं नसलेले विकतात, आणि परदेशातून मातीसकट बल्ब आणायला आपल्याकडे बंदी आहे, क्वारंटाइनचा तो 2003 चा आदेश मी स्वतः वाचलेला, दुसऱ्यांना सांगितलेला! आणि मी काय केलं, तर बेसिनवर जाऊन एकेक बल्ब चोळून चोळून धुतला. इकडे आल्यावर थोडे दिवस कुंडीत लावले असतील अशी त्याची बाजू मीच मनात मांडली. पुरावा मी स्वतःच्या हाताने नळाखाली घालवला. व्हिडिओ नाही, फोटो नाही. खोका उघडताना शूटिंग करा, बाबांनो, 50 रुपयांचा माल असला तरी करा.

माझीच चूक म्हणाल, पण रेन लिली आणि डॅफोडिल एकाच खानदानातले, छोटे बल्ब शेजारी ठेवले तर भलेभले फसतील. पानंही आली तशीच काडीसारखी. ट्रेवर मी "विष, खाऊ नये" अशी चिठ्ठीसुद्धा लावली, कारण या बल्बमध्ये लायकोरिन नावाचं विषारी द्रव्य असतं, आणि 2009 मध्ये इंग्लंडात एका शाळेत कांदा समजून डॅफोडिलचा बल्ब सुपात पडला आणि पोरं आजारी पडली होती. एवढी काळजी! जानेवारीत फुलं नाहीत. विचारलं, तर म्हणे थंडी कमी पडली मॅडम, पहिल्या वर्षी सेटल होतात. मोरोक्कोच्या बल्बला फ्रिजची थंडी लागत नाही हे मला माहीत होतं, तरी मी "हो का" म्हटलं. मेमध्ये पानं हिरवीगार. ती तोपर्यंत वाळून बल्ब झोपायला हवा होता. तेव्हाही मी कौतुकच केलं, काय तग धरलाय म्हणून.

11 जुलै 2025, रात्रभर पाऊस, सकाळी पांढरी फुलं. चार दिवसांनी पिवळी. सोसायटीचे माळीकाका कुंड्या हलवायला आले होते, म्हणाले, "ताई, ही खाली गेटपाशी आहे तीच की. सांगायचं ना, टोपलीभर दिली असती."

विक्रेत्याने ब्लॉक केलं. मी ट्रान्सहार्बर पकडून नवी मुंबईत त्याच्या पत्त्यावर गेले, सेक्टर आहे पण त्या नंबरचा प्लॉटच नाही. मग पोलीस. आमच्या इथल्या चौकीत साहेब विचारतात मुद्देमाल काय, मी म्हटलं फुलांचे बल्ब, म्हणजे कांदे, तर शेजारचा हवालदार म्हणतो कांदे महागलेत का एवढे. पाऊण तास बसवून सांगितलं, आरोपी नवी मुंबईचा, तिकडे जा. तिकडे गेले तर पैसे ठाण्यातून गेले ना, तिकडे जा. अहो, 1 जुलै 2024 पासून नवीन कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, हद्द कुठलीही असो, झीरो एफआयआर घ्यावा लागतो, कलम 173, मी कागदावर लिहून नेलं होतं. कागद बघितलासुद्धा नाही. ऑनलाइन करा म्हणाले. ऑनलाइन केली, नंबर मिळाला, आजपर्यंत त्या नंबरचं पुढे काही झालेलं नाही. बँकेत गेले, माझ्याच जुन्या व्यवसायातली पोरगी मला सांगते, मॅडम पिन तुम्हीच टाकलाय. हेच वाक्य मी किती लोकांना ऐकवलं असेल! एका सरकारी ऑफिसात फोन केला की असा माल आलाच कसा हे तरी तपासा, तीन टेबलं फिरवून उत्तर आलं, माल आलाच नाही ना, मग आमचा संबंध काय. बरोबरच आहे म्हणा. पण मग संबंध कुणाचा?

पैसे गेल्याचं कळलं की त्याच तासात 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, तेव्हाच रक्कम अडवता आली तर येते. मला कळलं नऊ महिन्यांनी, माझं काय अडवणार. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंत फी नाही, पण समोरच्याचा पत्ता तर हवा. आणि निळे डॅफोडिल कोणी दाखवले तर सरळ ब्लॉक करा, निळा डॅफोडिल नसतोच. आमच्या त्या बाईंना आता तोच दाखवलाय त्याने, 600 रुपये नग.

झाडं फेकली नाहीत, त्यांचा काय दोष. सासूबाई रोज त्यातलं एखादं फूल देवाला वाहतात. 9,130 भागिले 18 हा हिशोब त्यांनी एकदाच ऐकला, आणि तेव्हापासून फूल ठेवताना मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणतात, "गणपतीबाप्पा, हे घ्या पाचशे सात रुपयांचं."