रंगाचे डाग काढणारी बाटली: दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

आधी झाकणाची तक्रार, कारण ती अजून मिटलेली नाही. बाटलीला फ्लिप-टॉप झाकण आहे आणि त्याचं भोक इतकं मोठं की थेंब पडतच नाही, सरळ धार लागते. रंगाचा डाग काढायचा तर सगळं काम थेंबाथेंबाचं. द्रावण जास्त पडलं की सुटलेला रंग त्याच्याबरोबर आजूबाजूच्या धाग्यांत पसरतो. नवऱ्याच्या लिननच्या शर्टावर खिशाच्या वर वाटाण्याएवढा ठिपका होता. आज तिथे बशीएवढी फिकट निळी कडा आहे. साडेतीनशे रुपयांच्या बाटलीला दोन रुपयांचं नॉझल बसवता येत नाही, याचा मला खरंच राग आहे.

दिवाळीआधी नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या फ्लॅटला रंग दिला. भिंतींना प्लास्टिक पेंट, ग्रिल आणि दारांना ऑइलपेंट. पेंटर घरात असताना लग्नाचं आमंत्रण आलं की काय होतं ते सांगायला नको. चांगले कपडे घालून दारातून निघायचं आणि चौकटीला बाही घासायची. म्हणून ही बाटली मागवली. लेबलवर लिहिलंय, सर्व प्रकारच्या रंगांसाठी.

माझी दुसरी तक्रार या ओळीवरच आहे. प्लास्टिक पेंट पाण्यातला. ओला असेपर्यंत गार पाणी आणि साबण पुरतो. पाणी उडालं की त्यातले अॅक्रिलिकचे कण एकमेकांना चिकटून पापुद्रा होतो, मग पाण्याने काही होत नाही. तो अल्कोहोलने मऊ पडतो. ऑइलपेंटचं वेगळंच. तो हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो. ताजा असेल तर टर्पेंटाइनने निघतो, पण पुरता वाळल्यावर विरघळत नाही, फार तर फुगतो. दोन्हींना एकच औषध आहे म्हणणं म्हणजे गिऱ्हाइकाला अंधारात ठेवणं. दिवाळीत मला विचारलं असतं तर मी एकच तारा दिला असता.

संक्रांतीच्या सुमारास मत थोडं बदललं. मेडिकलमधून बिनसुईची सिरिंज आणली आणि द्रावण तिने सोडायला लागले. मुलाच्या टेरिकॉटच्या पँटवर गुडघ्याजवळ क्रीम रंगाचा जुना, कडक डाग होता. आधी चमच्याच्या कडेने वरचा थर खरवडला. मग पँट उलटी करून डागाखाली जुन्या पांढऱ्या धोतराचा तुकडा ठेवला आणि मागच्या बाजूने दोन-तीन थेंब सोडले. चोळलं नाही, कापसाच्या बोळ्याने कडेकडून मध्याकडे नुसतं टिपलं. थोड्या वेळाने धोतरावर क्रीम रंग उमटला. कापड सरकवून कोरा भाग खाली घेतला, पुन्हा थेंब. शेवटी पापुद्रा सुरकुतला आणि नखाने अख्खा उचलला गेला. पँट आता ऑफिसला घालण्यासारखी आहे. म्हणजे माल चांगला आहे, झाकण वाईट आहे.

पण पैशांचं बोलायलाच हवं. प्लास्टिक पेंटच्या डागावर केमिस्टकडच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने मला अगदी हाच परिणाम मिळाला, तेही निम्म्याहून कमी खर्चात. या बाटलीत साबणासारखं काहीतरी आहे, त्यामुळे नंतर कपडा लवकर धुतला जातो, एवढाच फरक. ताज्या ऑइलपेंटसाठी रविवार कारंजाकडच्या रंगाच्या दुकानातून टर्पेंटाइन आणलं, ते या बाटलीपेक्षा सरस निघालं. त्याचा तेलकटपणा भांड्यांच्या लिक्विडने जातो. दुकानात नुसतं 'थिनर द्या' म्हणू नका. लाकडाच्या पॉलिशचं जोरकस थिनर हातात पडलं आणि त्यात अॅसिटोन असलं, तर अॅसिटेटचं अस्तर विरघळतं, काही प्लास्टिकची बटणंही चिकट होतात. आणि डाग पूर्ण निघेपर्यंत गरम पाणी नको, इस्त्री तर नकोच.

पैठणीचा प्रसंग वेगळा सांगते. येवल्याहून घेतलेल्या सासूबाईंच्या पैठणीच्या पदराला ऑइलपेंट लागला होता. कस्टमर केअरला फोन केला, तर बाई म्हणाल्या, "सिल्कवर बिनधास्त वापरा, मॅडम." मी आधी फॉलच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून पाहिला. कापसावर साडीचाच रंग उतरला! बिनधास्त म्हणणाऱ्या बाईंनी ही साडी भरून दिली असती का? साडी कॉलेज रोडच्या ड्रायक्लीनरकडे नेली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "रंग पाण्यातला की तेलातला, आणि लागून किती दिवस झाले?" चिठ्ठीवर लिहून घेतलं, जरीपाशी हात जपून लावला आणि पदर स्वच्छ करून दिला. पैसे घेतले, पण ते मला खुपले नाहीत.

रंगपंचमीला भाचा रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात, धप्पा (उडी) मारून आला, तेव्हा त्याच्या पांढऱ्या कुर्त्यावरही ही बाटली वापरून पाहिली. काही उपयोग नाही. तो रंग धाग्यात मुरतो, पेंटसारखा वर थर धरून बसत नाही. यात बाटलीचा दोष नाही.

एप्रिलमध्ये पुन्हा झाकणाचीच गोष्ट. कपाटात उभी ठेवलेली बाटली जवळपास अर्धी रिकामी झाली होती, ना सांडली ना वापरली. झाकण घट्ट बसत नाही आणि नाशिकच्या उन्हाळ्यात असं द्रावण उडायला वेळ लागत नाही. पैशांपेक्षा मला काळजी वाटते ती आगीची. नुसत्या आयसोप्रोपिल अल्कोहोलची वाफ साधारण 12 अंश सेल्सिअसलाही ठिणगीने पेट घेऊ शकते, आणि बाटलीच्या मागे 'ज्वलनशील' हा शब्द भिंग घेऊन शोधावा लागतो. देवघर, गॅस, इस्त्री यांच्या जवळपास ही ठेवू नका. वापरताना खिडक्या उघड्या हव्यात, आणि द्रावणाने भिजलेला कपडा उघड्यावर वाळवून मगच मशीनमध्ये टाका.

पुन्हा फोन केला, फोटो पाठवले. त्यांनी बदली बाटली पाठवली, तिलाही तेच झाकण! मी ती परत केली आणि पैसे मागितले, ते अजून आलेले नाहीत. आता उरलेलं द्रावण घट्ट बुचाच्या काचेच्या बाटलीत भरून वर नाव लिहून ठेवलंय. पाचपैकी अडीच तारे देते. झाकण बदललं तर साडेतीन देईन, आणि किंमत दोनशेच्या आत आली तरच पुन्हा विकत घेईन.