कर्नलची फॉल्ट इंजेक्शन आणि लॉकडेप ही साधने: एका ड्रायव्हरवरील तीन महिन्यांच्या वापरानंतर

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत आम्ही यंत्रांची कंपने आणि तापमान मोजणारी कार्डे बनवतो. कार्डावरील चिप एसपीआय या वाहिनीने एका एआरएम प्रोसेसरच्या बोर्डाला जोडलेली असते, बोर्डावर लिनक्स चालते आणि मधला ड्रायव्हर, म्हणजे चिपशी बोलणारा कोड, आमचा स्वतःचा आहे. गेल्या सहा वर्षांत तो तीन-चार जणांच्या हातांखालून गेला आहे. मागच्या पावसाळ्यात चाकणच्या एका ग्राहकाची तक्रार आली की दर आठ-दहा दिवसांनी नोंदी थांबतात, नोंदी घेणारा प्रोग्रॅम ‘किल -९’ देऊनही मरत नाही आणि शेवटी बोर्डाची वीज बंद करावी लागते. लॉगमध्ये कामाची एकच ओळ होती: अमुक टास्क १२० सेकंदांहून अधिक काळ अडकून पडले आहे. या तक्रारीमुळे आम्ही लिनक्सच्या कर्नलची, म्हणजे गाभ्याची, चाचणीची साधने प्रथमच मन लावून वापरली. ड्रायव्हर लिहिणाऱ्या पुण्यातील लहान कंपन्यांना उपयोग व्हावा म्हणून त्यांचे हे परीक्षण लिहीत आहे.

दोष कुठे लपतो ते आधी सांगितले पाहिजे. ड्रायव्हर उपकरणाला जोडला जाताना चालणारे प्रोब फंक्शन मेमरी, रेग्युलेटर (वीजपुरवठा), क्लॉक, इंटरप्ट (चिपचा प्रोसेसरला इशारा) असे एकेक ताब्यात घेत जाते, आणि पाचवी पायरी फसली तर आधीच्या चारही पायऱ्या उलट क्रमाने आवराव्या लागतात. ही आवराआवर करणारा कोड, म्हणजे एरर पाथ, चाचणीच्या टेबलावर जवळजवळ कधीच चालत नाही, कारण टेबलावर सगळे सुरळीत असते. तो क्वचितच चालतो असा समजही चुकीचा आहे. बोर्ड सुरू होताना रेग्युलेटरचा ड्रायव्हर अजून तयार नसेल तर आपले प्रोब ‘नंतर पुन्हा प्रयत्न करा’ असा कोड परत करते आणि कर्नल ते पुन्हा चालवते. अशा बोर्डावर एरर पाथ दर बूटला चालतो, आणि त्यात काही सोडायचे राहिले असेल तर तेही दर बूटला राहते.

चाकणचा दोष सर्वप्रथम दाखवला तो स्मॅचने. डॅन कार्पेंटर यांचे हे साधन कोड न चालवता तपासते. ते कर्नलच्या सोर्समध्ये नसते, वेगळे उतरवून बिल्ड करावे लागते. आमच्या रीड फंक्शनवर त्याने इशारा दिला की काही वाटांनी बाहेर पडताना म्यूटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारा लॉक) सोडलेला असतो आणि एका वाटेने तो धरलेलाच राहतो. चिपचा ‘तयार’ बिट वेळेत आला नाही तर टाइमआउटचा कोड परत करणारी ती वाट होती, आणि त्या ओळीआधी अनलॉक नव्हते. पहिले रीड चूक सांगून परत येई, पुढचे रीड त्याच म्यूटेक्ससाठी कायमचे थांबे. कंपनांनी कनेक्टर क्षणभर सैल झाला की एवढे पुरेसे होते. इशाऱ्यांच्या यादीत अनेक निरुपयोगी ओळीही होत्या आणि त्या चाळण्यात एक दिवस गेला, तरी सहा वर्षे कोणाच्या डोळ्यांना न दिसलेली चूक सापडल्यावर त्या दिवसाचे मोल वसूल झाले असे मी म्हणेन.

ही चूक प्रत्यक्षात घडताना पाहायची होती, म्हणून लॉकडेप सुरू केलेले कर्नल बिल्ड केले. इंगो मोलनार आणि आर्यन व्हॅन दे व्हेन यांनी लिहिलेले हे साधन २००६ पासून, म्हणजे २.६.१८ या आवृत्तीपासून कर्नलमध्ये आहे. कोणता लॉक कोणता लॉक हातात असताना घेतला गेला याची नोंद ते ठेवते, आणि डेडलॉक (एकमेकांची वाट पाहत कायमचे अडकणे) प्रत्यक्ष झाला नसला तरी त्या क्रमाने तो होऊ शकतो एवढे दिसले की अहवाल देते. टेबलावर कार्ड मांडले, नोंदी सुरू केल्या. सहकारी म्हणाली, “सर, केबल काढू का?” तिने चपटी केबल अर्धी ओढली आणि टर्मिनलवर लगेच इशारा उमटला की यूजर स्पेसमध्ये (कर्नलबाहेरच्या प्रोग्रॅमकडे) परतताना लॉक अजून हातातच आहे. खाली आमच्या म्यूटेक्सचे नाव आणि तो कोणत्या फंक्शनमध्ये घेतला तेही होते. चाकणला जे समजायला आठ-दहा दिवस लागत, ते इथे केबल ओढताक्षणी समजले.

लॉकडेपने आणखी एक चूक दाखवली, जी आम्ही शोधतच नव्हतो. ड्रायव्हर काढताना चालणारे रिमूव्ह फंक्शन लॉक घेऊन मगच वर्क (मागाहून करायला ठेवलेले काम) रद्द करत होते. ते रद्द करणारे फंक्शन चालू वर्क संपेपर्यंत थांबते, आणि ते वर्क स्वतः तोच लॉक मागत होते. म्हणजे दोघे एकमेकांची वाट पाहत बसणार. दुरुस्ती दोन ओळींची जागा बदलण्याची होती: आधी वर्क रद्द करा, मग लॉक घ्या.

लॉकडेपच्या मर्यादा मात्र विसरू नयेत. जी वाट चाललीच नाही तिच्याबद्दल ते काहीही सांगत नाही. पहिल्या अहवालानंतर ते स्वतःला बंद करून घेते, म्हणून दुसरा दोष पाहायचा तर पहिला दुरुस्त करून बोर्ड पुन्हा सुरू करावा लागतो. शिवाय त्याच्या भारामुळे आमचे सँपल गळू लागले, त्यामुळे वेळेवर अवलंबून असलेल्या चुका या कर्नलवर दिसतीलच असे नाही.

माझा सर्वाधिक वेळ फॉल्ट इंजेक्शनवर, म्हणजे मुद्दाम चूक घडवून पाहण्यावर, गेला आणि माझ्या मते सर्वाधिक लाभही तिथेच आहे. मेमरी मागितली की मुद्दाम नकार देणारी फेलस्लॅब ही सोय जुनीच आहे. पण तिच्या जोडीला २०१७ मध्ये दिमित्री व्युकोव्ह यांनी फेल-एनथ्‌ नावाची फाइल आणली आणि हे काम नेमके झाले. थ्रेडच्या प्रॉक नोंदीतील या फाइलीत ३ लिहिले की त्या थ्रेडची तिसरी मागणी फसते. नंतर तीच फाइल वाचली आणि ० आले तर नकार दिला गेला. धन आकडा आला तर तेवढ्या मागण्या झाल्याच नाहीत. एसपीआय ड्रायव्हरच्या बाइंड फाइलीत उपकरणाचे नाव लिहिले की प्रोब त्याच थ्रेडमध्ये चालते, त्यामुळे दहा ओळींची स्क्रिप्ट पुरते: १ लिहा, बाइंड करा, काय झाले ते पाहा, अनबाइंड करा, मग २, मग ३, आणि फाइलीत ० उरेनासे झाले की थांबा. एकेक पायरी फसवत संपूर्ण प्रोब तपासून होते.

इथे एक खाचखळगा आहे, आणि त्यात आमचा अर्धा दिवस गेला. फेलस्लॅबच्या सेटिंगमध्ये ‘इग्नोर-जीएफपी-वेट’ मुळात सुरू असते, म्हणजे झोपू शकणाऱ्या मागण्यांना नकार दिलाच जात नाही. प्रोबमधील मेमरीच्या मागण्या बहुतेक याच प्रकारच्या असतात. त्यामुळे स्क्रिप्ट सगळे ठीक असल्याचे सांगत राहिली आणि आम्ही त्यावर विश्वास ठेवला. तिथे ‘एन’ लिहिले आणि दुसऱ्याच फेरीत प्रोब कोसळले. डॉक्युमेंटेशनमध्ये ही गोष्ट लिहिलेली आहे, पण ती ठळकपणे सांगायला हवी होती अशी माझी स्पष्ट तक्रार आहे.

सापडलेल्या चुकांपैकी दोन सविस्तर सांगतो. पहिली अशी की क्लॉक सुरू केल्यानंतर बफरची मागणी फसली तर फंक्शन थेट परत जात होते आणि क्लॉक सुरूच राहत होते. मेमरीची गळती शोधणाऱ्या केमेमलीकला हे दिसत नाही, कारण गळते ती मेमरी नव्हे, क्लॉक किती वेळा सुरू केले त्या मोजणीतला एक आकडा. डीबगएफएस या कर्नलच्या तपासणीच्या फाइलव्यवस्थेतील क्लॉकचा गोषवारा प्रत्येक फेरीआधी आणि नंतर ताडून पाहिला तेव्हा तो वाढत गेलेला दिसला. केमेमलीकचेही एक पथ्य आहे: पाच सेकंदांपेक्षा ताजी मेमरी ते गळती म्हणून दाखवत नाही, तेव्हा स्कॅनआधी थोडे थांबा.

दुसरी चूक अधिक घातक होती. इंटरप्ट डेव्हएमच्या (घेतलेल्या वस्तू आपोआप सोडणाऱ्या सोयीच्या) फंक्शनने घेतला होता, म्हणजे रिमूव्ह संपल्यानंतर तो आपोआप सुटणार. बफर मात्र रिमूव्हमध्येच हाताने मोकळा केला जात होता. मधल्या क्षणी इंटरप्ट आला तर तो हाताळणारा हँडलर मोकळ्या झालेल्या मेमरीत लिहिणार. मेमरीचा चुकीचा वापर पकडणारे केसॅन सुरू असलेल्या कर्नलवर हीच घटना अहवालासह पकडली गेली. डेव्हएम घेतलेल्या वस्तू उलट क्रमाने सोडते, म्हणून बफरही डेव्हएमनेच आणि इंटरप्टच्या आधी घेतला की हँडलर आधी सुटतो, बफर नंतर. अर्धे डेव्हएमवर सोपवायचे आणि अर्धे हाताने आवरायचे, हीच पद्धत मला सर्वात धोक्याची वाटते, कारण प्रत्येक ओळ वेगळी वाचली तर बरोबरच दिसते.

फेलस्लॅबने चाकणचा दोष मात्र कधीच दाखवला नसता, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. तो मेमरीच्या नकाराचा दोष नव्हता, वाहिनीवरील टाइमआउटचा होता. फंक्शनकडूनच खोटा एरर कोड परत करवण्याची सोयही कर्नलमध्ये आहे, पण ज्या फंक्शनांना तशी परवानगी कोडमध्ये दिलेली असते त्यांनाच ती लागू होते. म्हणून आम्ही चाचणीच्या बिल्डमध्ये ‘तयार’ बिट मुद्दाम न देणारा एक स्विच ड्रायव्हरमध्येच ठेवला आहे, आणि केबल ओढण्याची चाचणी आता प्रत्येक आवृत्तीपूर्वी होते.

दुरुस्तीसाठी आम्ही ६.५ या आवृत्तीत, म्हणजे २०२३ मध्ये, पीटर झायलस्ट्रा यांनी आणलेली गार्डची पद्धत रीड फंक्शनात वापरली. गार्डने घेतलेला लॉक ब्लॉकमधून कोणत्याही वाटेने बाहेर पडले तरी सुटतो, त्यामुळे टाइमआउटच्या ओळीआधी अनलॉक लिहायची गरजच उरली नाही. सगळा ड्रायव्हर याच पद्धतीत बदलावा असा माझा आग्रह होता, पण सहकारीने तो मान्य केला नाही. तिने डॉक्युमेंटेशन पुढे ठेवले: एकाच फंक्शनात गोटूची (लेबलावर उडी मारून केलेली) आवराआवर आणि गार्ड यांची सरमिसळ करू नये, आणि नेटवर्किंगच्या देखभालकर्त्यांनी तर वीस ओळींपेक्षा मोठ्या फंक्शनात साधा गार्ड टाळावा असे लिहून ठेवले आहे. प्रोबमध्ये अजून गोटूची चार लेबले आहेत, ती सहा महिन्यांपूर्वी होती तिथेच आहेत, फक्त आता त्यांचा क्रम बरोबर आहे आणि प्रत्येक लेबलापर्यंत स्क्रिप्ट किमान एकदा पोहोचून आली आहे.