परदेशी जाताना कोणती व्हीलचेअर: घडीची, बॅटरीवरची की तिथे भाड्याची?

परदेशवारी ठरली की घरात तिकीट, व्हिसा आणि फराळाचे डबे यांची चर्चा महिनाभर चालते. आजोबांच्या व्हीलचेअरचा विषय मात्र निघायच्या आठवड्यात निघतो, आणि तोवर अर्धे पर्याय हातचे गेलेले असतात. पर्याय तसे तीनच आहेत. घरातली साधी घडीची खुर्ची न्यायची, बॅटरीवरची खुर्ची किंवा मोबिलिटी स्कूटर न्यायची, नाहीतर काहीच न नेता विमानतळावर विमान कंपनीची खुर्ची वापरून पुढे तिकडे भाड्याने घ्यायची.

कोणत्या देशात चाललात, हा प्रश्न मी नंतर विचारते. त्याआधी दोन गोष्टी स्पष्ट हव्यात. माणूस नाशिकमध्ये घरी दिवसातले किती तास खुर्चीत बसतो? आणि तिकडे खुर्ची ढकलायला कोण आहे?

जो सकाळपासून रात्रीपर्यंत खुर्चीतच असतो, त्याने स्वतःची खुर्ची न्यावी. विमानतळावरच्या खुर्च्या सगळ्यांसाठी एकाच मापाच्या असतात. त्यांवर लांबच्या ट्रान्झिटचे तास काढले की पाठ आणि माकडहाड बोलू लागतं, आणि ज्यांना कमरेखाली संवेदना नाही त्यांना तर जखम झालेलीही कळत नाही. खुर्चीची उशी काढून विमानात बरोबरच घ्या, सामानात सोडू नका. याउलट घरात भिंतीला धरून हिंडणाऱ्या, पण दोनशे पावलांनंतर दम लागणाऱ्या आजींना पूर्ण वेळची खुर्ची नकोच असते. त्यांच्यासाठी तिकडे भाड्याने घेणं बहुतेकदा जास्त सोयीचं पडतं.

साधी घडीची खुर्ची

हिचा मोठा गुण म्हणजे कुणाला काही विचारावं लागत नाही. ॲल्युमिनियमची असेल तर साधारण 10 ते 14 किलो, टॅक्सीच्या डिकीत मावते, बॅटरीचे कागद लागत नाहीत. विमानाच्या दारापर्यंत तीच वापरता येते आणि तिथे ती खाली सामानात जाते. अडचण ढकलणाऱ्याची. युरोपातल्या जुन्या गावांमधले दगडी रस्ते लहान चाकांच्या खुर्चीला सोसत नाहीत. पुढची चाकं फटीत अडकतात आणि बसलेला माणूस पुढे झुकतो. म्हणून मागची चाकं मोठी असलेलीच घ्या. ग्रुप टूरने जाणाऱ्यांना मी हीच सुचवते, कारण टूरच्या बसला पायऱ्या असतात आणि खुर्ची दिवसातून कितीदा तरी घडी करून पोटात टाकावी लागते. पण बरोबर फक्त पंच्याहत्तरीचे आजोबा असतील, तर त्यांच्याकडून आजींची खुर्ची चढावर ढकलून घ्यायचा बेत करू नका.

बॅटरीवरची

इथे थोडं थांबून नीट बघावं लागतं. खुर्चीला हात लावण्याआधी बॅटरीवरचं लेबल वाचा. त्यावर व्होल्ट आणि अँपिअर-अवर असे दोन आकडे असतात, त्यांचा गुणाकार म्हणजे वॅट-अवर. 24 व्होल्ट आणि 12 अँपिअर-अवर म्हणजे 288. 24 आणि 20 म्हणजे 480. काढता येणारी लिथियम बॅटरी एक असेल तर आंतरराष्ट्रीय नियमानुसार मर्यादा 300 वॅट-अवर. दोन बॅटऱ्यांवर चालणारी असेल तर प्रत्येकी 160. म्हणजे पहिली चालेल, दुसरी चालणार नाही. दुकानात ‘एका चार्जवर जास्त लांब जाते’ म्हणून मोठी बॅटरी गळ्यात मारतात आणि नेमकी तीच विमानतळावर अडते.

काढलेली लिथियम बॅटरी सामानात कधीच जात नाही. टोकांवर टेप लावून, पिशवीत घालून ती केबिनमध्ये स्वतःजवळ ठेवायची. बॅटरी खुर्चीतच घट्ट, सुरक्षित बसवलेली असेल तर वॅट-अवरची मर्यादा नाही, पण विमान कंपनीची परवानगी दोन्ही प्रकारांत लागते. जुन्या स्कूटरमधल्या न सांडणाऱ्या जेल बॅटऱ्या जागच्या जागी राहिल्या तरी चालतात, फक्त वजन फार होतं.

स्कूटर आणि बॅटरीची खुर्ची यांतही फरक आहे. स्कूटरला दोन्ही हातांनी हँडल वळवावं लागतं, पाठ ताठ राहावी लागते आणि वळायला जागा जास्त लागते. मॉल, बाग, लांबलचक विमानतळ यांसाठी ती उत्तम, हॉटेलच्या बाथरूममध्ये काहीच कामाची नाही. जॉयस्टिकची खुर्ची घरातही फिरते. पाठ न दुमडणारी उंच खुर्ची मात्र टाळा. बोइंग 737 च्या सामानाच्या दाराची उंची 90 सेंटिमीटरपेक्षा कमी असते, आणि उभी न मावणारी खुर्ची आडवी केली की मोडते.

विमान कंपनीला किमान 48 तास आधी कळवायचं. माझ्या मते तिकीट काढलं त्याच दिवशी ईमेलने कळवावं आणि उत्तर छापून जवळ ठेवावं. ईमेलमध्ये खुर्चीची लांबी, रुंदी, घडी केल्यावरची उंची, वजन, बॅटरीचा प्रकार आणि वॅट-अवर लिहा. मदतीची पातळीही सांगा: पायऱ्या चढता येतात, पायऱ्या नाही पण विमानात चार पावलं चालता येतं, की सीटपर्यंत उचलून न्यावं लागतं. यांना वेगवेगळे कोड आहेत आणि नुसतं ‘व्हीलचेअर हवी’ म्हटलं तर पहिलाच कोड पडण्याची शक्यता असते. खुर्चीवर इंग्रजीत एक कागद चिकटवा: चाकं मोटरपासून मोकळी करायचा खटका कुठे आहे, कुठे धरून उचलायची, कुठे धरायची नाही. सामान चढवणाऱ्याला तेवढं पुरतं.

चार्जरवर 100–240 व्होल्ट लिहिलेलं आहे ना, तेही बघा. अमेरिकेत वीज 120 व्होल्टची, जपानमध्ये 100 व्होल्टची आहे.

तिकडे भाड्याने

ब्रिटनमध्ये अनेक शहरांत खुर्च्या आणि स्कूटर वापरायला देणारी ‘शॉपमोबिलिटी’ची केंद्रं आहेत, ओरलँडोच्या डिस्ने वर्ल्डमध्ये दारातच स्कूटर मिळते. सिंगापूरची मेट्रो आणि लंडनच्या बसमध्ये खुर्ची सरळ चढते. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या मात्र साधारण तिसऱ्या हिश्श्याच्याच स्थानकांत पायऱ्यांविना जाता येतं, त्यामुळे स्कूटर घेतली तर बसचा रस्ता धरा. लेकीच्या बाळंतपणाला चार-सहा महिने जाणाऱ्या आईसाठी भाडं चढत जातं. तेव्हा लेकीला आधीच तिथे हलकी खुर्ची विकत घेऊन ठेवायला सांगा.

नाशिक ते विमान

नाशिकच्या ओझर विमानतळावरून दिल्लीसारख्या शहराला जाऊन पुढे जाता येतं, पण खुर्चीची एक चढउतार वाढते. बॅटरीची खुर्ची असेल तर मी थेट मुंबईहून उडण्याच्या बाजूची आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाल्यापासून कसारा घाटातल्या खोळंब्याची धास्ती राहिलेली नाही. गाडी मोठी घ्या आणि तिसरी सीट दुमडूनच बोलवा. निघण्याआधी सिटी सेंटर मॉलमध्ये एक संध्याकाळ खुर्ची चालवून बघा: लिफ्ट, गर्दी, उतार, आणि शेवटी डिकीत घडी.

नुकसान झालं तर

आंतरराष्ट्रीय विमानप्रवासातल्या भरपाईच्या माँट्रियल कराराखाली सामानाच्या भरपाईची मर्यादा 1519 एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक), म्हणजे ढोबळमानाने पावणेदोन ते दोन लाख रुपये. साध्या खुर्चीला हे भरपूर आहे, महागड्या बॅटरीच्या खुर्चीला अपुरं पडू शकतं. तसं असेल तर चेक-इनच्या वेळी जादा किमतीची विशेष नोंद मागा, त्यासाठी वेगळं शुल्क लागू शकतं. प्रवास विम्यात खुर्ची धरलेली आहे का, तेही पॉलिसीत शोधा. खुर्ची ताब्यात देण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा. परत मिळाल्यावर चालवून बघितल्याशिवाय विमानतळ सोडू नका. काही मोडलं असेल तर तिथेच रिपोर्ट लिहून घ्या आणि सात दिवसांच्या आत लेखी तक्रार पाठवा.