व्हिजन बोर्ड भिंतीवर लावायचा, फोनमध्ये ठेवायचा की सरळ वहीत लिहायचं?

व्हिजन बोर्ड, म्हणजे आपल्याला आयुष्यात जे हवंय त्याची चित्रं एकत्र लावलेला बोर्ड, करायचं मनात आहे पण कागदाचा करू की फोनवर करू इथेच गाडी अडलीये, असं असेल तर हे वाचा. मी तिन्ही करून बघितलंय, भिंतीवरचा बोर्ड, फोनमधला बोर्ड, आणि चित्रं-बित्रं काही नाही, नुसती वही. तिघांची कामं वेगवेगळी आहेत हे मला फार उशिरा कळलं, तुम्हाला लवकर कळावं म्हणून लिहितेय.

आधी भिंतीवरचा. मी ए-२ साइजचा पुठ्ठा घेतला होता, म्हणजे ४२ बाय ५९.४ सेंमी, त्यावर मासिकातली चित्रं कापून चिकटवायची. ह्या प्रकाराची खरी कमाई बोर्ड बनवतानाच होते, कारण जागा मोजकी असते आणि काय ठेवायचं, काय काढायचं हे तुम्हाला ठरवावंच लागतं. माझ्याकडे कापलेली तीसेक चित्रं होती आणि पुठ्ठ्यावर बसत होती बारा. शेवटी एका हातात मोठ्या घराचं चित्र आणि दुसऱ्या हातात अर्धवट सोडलेलं शिक्षण पुन्हा सुरू करायचं चित्र, अशी मी कितीतरी वेळ जमिनीवर बसून होते. घराचं चित्र बाजूला ठेवलं आणि मनाला काहीच झालं नाही, अगदी काहीच नाही. तेव्हा लक्षात आलं की ते घर माझं स्वप्न नव्हतंच, आजूबाजूचे सगळे घेतायत म्हणून माझ्या यादीत येऊन बसलेलं. फोनवर हे झालंच नसतं, तिथे मी दोन्ही सेव्ह करून मोकळी झाले असते.

पण भिंतीवरच्या बोर्डाचा मोठा तोटा म्हणजे डोळा सरावतो. महिनाभरात तो भिंतीचाच भाग होऊन जातो. माझ्या बोर्डावरच्या एका चित्राचा कोपरा सुटून गुंडाळला गेला होता आणि रोज समोरून ये-जा करूनही मला ते दिसलं नव्हतं, घरी आलेल्या मैत्रिणीने दाखवलं. म्हणून गोंद वापरूच नका, सॉफ्टबोर्ड आणि पिना घ्या, म्हणजे चित्रं हलवता येतात, बदलता येतात. आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बघून प्रश्न विचारलेले आवडत नसतील तर कपाटाच्या दाराला आतून लावा.

फोनवरचा बोर्ड सोपा आहे ह्यात वाद नाही. चित्रं जमवायच्या पिंटरेस्ट अ‍ॅपवर सीक्रेट, म्हणजे इतरांना न दिसणारा बोर्ड करता येतो, कॅनव्हा ह्या डिझाइनच्या अ‍ॅपवर तयार टेम्प्लेट मिळतात, अर्ध्या तासात काम होतं, आणि जे सारखे रूम बदलतात किंवा दुसऱ्यांबरोबर खोली शेअर करतात त्यांच्यासाठी हाच बरा. अडचण अशी की तिथे जागा संपतच नाही, त्यामुळे निवड होत नाही, दोनशे चित्रं जमतात आणि त्यातलं एकही आठवत नाही. वॉलपेपर म्हणून लावलात तर अ‍ॅपच्या आयकॉनखाली झाकलं जातं, लॉक स्क्रीनवर लावलेलं जास्त बरं. पण खरं सांगायचं तर ध्येय बघायला म्हणून फोन उघडायचा आणि पाचव्या मिनिटाला भलतंच काहीतरी बघत बसायचं, हे माझं इतक्यांदा झालं की मी तो नाद सोडला. फोनवर करणारच असाल तर नऊच चित्रांचा नियम ठेवा, दहावं घ्यायचं तर एक काढायचं. नंतर प्रिंट काढणार असाल तर हेही बघा की १०८० पिक्सेल रुंदीचा स्क्रीनशॉट ३०० डीपीआयला (म्हणजे छापताना इंचाला ३०० ठिपके) जेमतेम ९ सेंमी रुंद येतो, त्याच्यापुढे फुगवला की चित्र फुटायला लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे कागद-फोन वादापेक्षा खूप मोठं आहे, की बोर्डावर चित्र कशाचं लावताय. लिएन फाम आणि शेली टेलर ह्यांचा १९९९ चा एक प्रयोग आहे, परीक्षा जवळ आलेल्या विद्यार्थ्यांवर. काहींना रोज डोळ्यांसमोर आणायला सांगितलं की आपल्याला छान मार्क पडलेत, काहींना सांगितलं की आपण अभ्यासाला बसलोय असं बघा. अभ्यास डोळ्यांसमोर आणणाऱ्यांनी तयारी लवकर सुरू केली आणि मार्कही त्यांनाच जास्त मिळाले. गॅब्रिएले ऑटिंगन ह्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी तर ह्याच विषयावर कित्येक वर्षं काम केलंय, आणि हीदर कॅप्स ह्यांच्याबरोबरच्या २०११ च्या पेपरमध्ये त्यांनी दाखवलं की सगळं मनासारखं झालंय अशी गोड कल्पना करत बसलं की अंगातली ऊर्जाच उतरते. मला हे वाचून धस्स झालं होतं, माझा अख्खा बोर्ड तसल्याच चित्रांचा होता!

मग मी पदवीची टोपी घातलेल्या हसऱ्या मुलीचं चित्र बोर्डावरून काढून टाकलं आणि माझ्याच टेबलाचा फोटो लावला. दिवा चालू, पुस्तक उघडं, मागे घड्याळात पावणेसहा. दिसायला अजिबात सुंदर नाहीये, पण तो फोटो बघितला की काय करायचं ते कळतं.

वहीची बाजू इथेच जड होते. पीटर गॉलविट्झर ह्या मानसशास्त्रज्ञांनी मांडलेली 'जर-तर' पद्धत आहे, म्हणजे 'रोज अभ्यास करेन' असं न लिहिता 'सकाळचा चहा संपला की कप ठेवून सरळ टेबलावर बसेन' असं लिहायचं, कधी, कुठे, काय झाल्यावर काय. त्यांनी आणि पास्कल शीरन ह्यांनी २००६ मध्ये अशा ९४ चाचण्या एकत्र तपासल्या आणि परिणाम चांगला ठसठशीत निघाला. ऑटिंगनबाईंची 'वूप' (WOOP) पद्धतही वहीतच बसते, ह्या चार अक्षरांच्या इंग्रजी शब्दांचा अर्थ क्रमाने इच्छा, फळ, अडथळा, योजना. त्यातलं तिसरं बघा, अडथळा. आजपर्यंत मी एकाही व्हिजन बोर्डावर अडथळ्याचं चित्र बघितलेलं नाही, आणि घोडं पेंड खातं ते नेमकं तिथेच.

(लिहिण्याचं महत्त्व पटवायला १९५३ च्या येल विद्यापीठाच्या अभ्यासाचा दाखला देतात ना, ध्येय लिहून ठेवणारे ३ टक्के विद्यार्थी पुढे बाकी सगळ्यांपेक्षा श्रीमंत झाले वगैरे, तो अभ्यास झालेलाच नाही. त्याच्या भरवशावर काही ठरवू नका.)

वहीचा तोटा एवढाच की मिटली की दिसत नाही, आणि ज्याला मुळात काय हवंय हेच कळत नाहीये त्याला कोरं पान बघून अजूनच घाबरायला होतं.

म्हणून माझं मत विचाराल तर, काय हवंय ते धूसर असेल तर पुठ्ठा-कात्री घेऊन बसा, एक दुपार जाऊ दे त्यात. काय हवंय ते पक्कं माहितीये पण वर्षभर सुरुवातच होत नाहीये, तर बोर्डावर वेळ घालवू नका, आज रात्री वहीत एक जर-तर लिहा आणि झोपा. फोन फक्त जागाच नसेल तर.

माझ्याकडे आता सॉफ्टबोर्डवर चारच चित्रं आहेत आणि प्रत्येकाखाली पिनेने एक छोटं कार्ड, त्यावर त्या गोष्टीतला अडथळा आणि त्याचं जर-तर. महिन्याच्या पहिल्या रविवारी चारही खाली काढते आणि एकेक हातात घेऊन परत लावते. जे लावताना हात अडखळतो ते पाकिटात जातं, आत्ता पाकिटात सात आहेत.