आतलं क्वार्टर की बाहेरचं घर? कोरियात बदली झालेल्या फौजी घरांसाठी

नवऱ्याची बदली कोरियात झाली आहे, हाउसिंग ऑफिसात नाव नोंदवायचं आहे; तळाच्या आत टॉवरमध्ये घर घ्यावं की बाहेर गावात भाड्याने? अमेरिकन फौजेत असलेल्या आपल्या दोन-तीन घरांतून हा प्रश्न माझ्याकडे आला आणि प्रत्येकीशी मी फोनवर तासतासभर बोलले. आता एकदाच सविस्तर लिहिते. आम्ही दोन्ही करून पाहिलं आहे. पहिल्या बदलीची दोन वर्षं आत काढली, मग टेक्सासला गेलो, आणि आता परत इथे आलो ते बाहेर.

कमांड स्पॉन्सरशिप (कुटुंब सोबत आणायची फौजेची मंजुरी), घरभाड्याचा भत्ता, सामान कधी पोचतं वगैरे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते. एकच गोष्ट आधी सांगते. निवड दर वेळी आपल्या हातात असतेच असं नाही. आत घरं रिकामी असली तर बऱ्याचदा आतच देतात, आणि बाहेर राहायचं तर हाउसिंग ऑफिसचं पत्र लागतं. हे हुद्द्यावर, घरात माणसं किती यावर आणि त्या-त्या वर्षीच्या नियमावर असतं, म्हणून तिकीट निघण्याआधीच विचारून ठेवा.

प्योंगटेक शहराच्या हद्दीत दोन मोठे तळ आहेत. दक्षिणेला पेंगसोंगमध्ये कॅम्प हम्फ्रीज आणि उत्तरेला सोंगतानमध्ये ओसानचा हवाई तळ, जो नावाने ओसानचा असला तरी ओसान शहरात नाही. २०१८ साली अमेरिकन फौजेचं कोरियातलं मुख्यालय सोलच्या योंगसानमधून हम्फ्रीजला हललं. आमचा तळ यातला कोणता ते मुद्दाम लिहीत नाही. मला जे सांगायचं आहे ते दोन्हीकडे लागू पडतं.

आतल्या घराबद्दल मी वाईट बोलणार नाही. आम्ही पहिल्यांदा आलो तेव्हा मुलगी सहा महिन्यांची होती आणि नवरा आल्या आल्या तीन आठवड्यांच्या सरावाला गेला. अशा वेळी दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर, कमिसरीत, म्हणजे तळावरच्या किराणा दुकानात, ओळखीचं दूध आणि डायपर, प्रत्येक पाटी इंग्रजीत आणि वरच्या मजल्यावर आपल्यासारखीच एकटी बाई, याला मोल नाही. कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. नवरा फील्डवर आहे एवढं म्हटलं की समोरची बाई तुमच्या मुलाला शाळेतून घेऊन येते. कपडे वाळवायचं मशीन घरात असतं, आणि जुलैच्या पावसात त्याची किंमत कळते. संध्याकाळी पाचला बिगुल वाजतो, मग राष्ट्रगीत. गाड्या जागच्या जागी थांबतात, मैदानातली मुलं खेळ सोडून उभी राहतात. माझी मुलगी चालायला शिकली त्याच महिन्यात स्तब्ध उभं राहायलाही शिकली. ते चित्र मला अजून प्रिय आहे.

बाहेरच्या घराची ओढाताणही आधीच सांगून टाकते. सकाळी साडेसहाच्या पीटीला नवऱ्याला पोचायचं असतं आणि त्याच वेळी फाटकावर गाड्यांची रांग लागते; आतून जे पाच मिनिटांत होतं त्याला बाहेरून अर्धा तास हाताशी ठेवावा लागतो. शाळेची बस येते, पण तिच्या वेळेला आपण बांधलेले. आणि घरात भिंतीवर एक स्पीकर असतो, तो आपल्याला बंद करता येत नाही. पहिल्याच रात्री त्यातून एक गंभीर आवाज कोरियनमध्ये बोलायला लागला. नवरा घरी नव्हता. मी मुलीला कडेवर घेतलं, कागदपत्रांची पिशवी उचलली (युद्धाची वेळ आली तर कुटुंबांना देशाबाहेर काढतात, त्यासाठी ही पिशवी आत काय, बाहेर काय, तयार ठेवावीच लागते) आणि दार उघडून जिन्यात आले. शेजारच्या बाई बाहेर डोकावल्या, माझा चेहरा पाहून फोनवर भाषांतर करून दाखवलं. इमारतीची पाण्याची टाकी धुणार होते, म्हणून दुसऱ्या दिवशी दहा ते दोन पाणी बंद.

कचऱ्याला आम्हाला दोन महिने लागले. कोरियात २००५ पासून ओला कचरा जमिनीत पुरायला बंदी आहे आणि त्यातून जनावरांचं खाद्य, खत वगैरे करतात. म्हणून ओल्या कचऱ्याचा सोपा हिशोब असा, की जे जनावर खाऊ शकेल तेच त्यात. आपल्या स्वयंपाकघराची इथे परीक्षा होते. कांद्याची सालं, लसणाची सालं, अंड्याची टरफलं, हाडं, आंब्याची कोय, नारळाची करवंटी, चहाचा चोथा, यातलं काहीही ओल्यात चालत नाही. ते सगळं नगरपालिकेच्या विकतच्या पिशवीत. उरलेला भात, पोळी, भाजीची देठं मात्र ओल्यात. आमच्या इमारतीत खाली पेटी आहे, कार्ड टेकवलं की झाकण उघडतं, कचऱ्याचं वजन होतं आणि तेवढे पैसे महिन्याच्या देखभाल खर्चात लागतात. पहिल्या महिन्यात माझ्याकडून कांद्याची सालं चुकली आणि वॉचमन आजोबांनी हाताने वेचून मला वेगळी करून दाखवली. रागावले नाहीत. पण मला फार वाईट वाटलं, आणि त्यानंतर चूक झाली नाही.

बाहेरच्या घरातली दोन सुखंही लिहिते. एक म्हणजे ओन्डोल, फरशीखालून फिरणारं गरम पाणी. जानेवारीत बाहेर उणे दहा असताना जमिनीवर मांडी घालून जेवता येतं, सतरंजीवर मूल लोळतं. दुसरं, २२० व्होल्टची वीज. लग्नात मिळालेला माझा मिक्सर टेक्सासमध्ये मुका झाला होता, तो इथे अडॅप्टर लावून पहिल्या दिवशी चालला. तूरडाळ, हिंग, पोहे तळावर मिळत नाहीत. त्यासाठी आत राहा की बाहेर, सोलला इतेवॉनच्या मशिदीजवळच्या दुकानांत महिन्यातून एकदा जावंच लागतं. फोनवरच्या कोरियन ॲपचंही तसंच. सोफा (SOFA) करारामुळे, म्हणजे इथल्या अमेरिकन फौजेच्या दर्जाबद्दल दोन देशांत झालेल्या करारामुळे, आपल्याला परदेशी नागरिकाची नोंदणी करावी लागत नाही, आणि नोंदणी क्रमांक नसल्यामुळे ओळख पटवण्याच्या पायरीवर ही ॲप्स बऱ्याचदा अडतात. दोन्हीकडे सारखाच त्रास, म्हणून तो तराजूत धरू नका.

इथवर वाचून कुणालाही वाटेल की आतलं घर सोयीचं. सोयीचं आहेच. माझं मन फिरलं ते फाटकामुळे.

नियम साधा आहे. तळाचं ओळखपत्र नसलेल्या माणसाला आत यायचं तर आपण स्वतः फाटकावर जायचं, त्याचं ओळखपत्र तपासून पास होईपर्यंत थांबायचं, पाहुणा आत असेपर्यंत सोबत राहायचं आणि परत फाटकापर्यंत सोडायचं. लष्करी तळ आहे, असा नियम असणारच. पहारेकरीही प्रत्येक वेळी सौजन्याने वागले. पण महिन्याभरात माझ्या लक्षात आलं की माझ्या घरी आपणहून येऊ शकेल असं एकही कोरियन माणूस या जगात नाही.

पहिल्या वेळी भाषेच्या वर्गात मला एक ओन्नी भेटली होती. ओन्नी म्हणजे बाईने मोठ्या बहिणीला किंवा वयाने मोठ्या मैत्रिणीला म्हणायचं, आपल्या ताईसारखं. पहिल्या भेटीत तिने माझं वय विचारलं ते एवढ्यासाठीच, कोण कुणाला ताई म्हणणार ते ठरवायला. नोव्हेंबरात तिच्या घरी किमजांग झाला, वर्षाची किमची घालतात तो. आपल्याकडे उन्हाळ्यात चार बायका मिळून कुरडया-पापड करतात तसंच. त्यातला वाटा जवळच्या माणसाच्या घरी पोचवायचा असतो. ती डबा घेऊन बसने फाटकापर्यंत आली. मी मुलीला झोपवत होते, फोन आवाज बंद करून दुसऱ्या खोलीत. चाळीस मिनिटांनी पाहिला तेव्हा पाच मिस्ड कॉल आणि एक निरोप होता: "बाळ झोपलं असेल, मी परत येईन." डबा फाटकावर ठेवून जाता येत नाही. थंडीत पाच-सहा किलोचा डबा घेऊन ती आली तशी परत गेली. मी दुसऱ्या दिवशी तिच्याकडे जाऊन तो आणला, पण देणाऱ्याच्या हाताने आलेला डबा आणि आपण जाऊन आणलेला डबा यात फरक असतो. त्यानंतरही ती बोलावल्यावर यायची. आधी ठरवून, वेळ घेऊन, ओळखपत्र बरोबर घेऊन. आपणहून मात्र पुन्हा कधी आली नाही.

माझं माहेर साताऱ्याकडचं. जवळच अपशिंगे मिलिटरी, घरटी माणूस फौजेत असं ज्याच्याबद्दल सांगतात ते गाव. माझी आजी सांगायची, नवरा सीमेवर असताना तिला पैशाची चिंता कमी आणि संध्याकाळची जास्त. उंबऱ्यावर कुणीतरी येऊन बसलं की रात्र निघते. मला वाटतं फौजीच्या बायकोचं घर यावरच जोखावं: न बोलावता कोण येऊ शकतं?

आता बाहेरच्या घरात काय होतं ते सांगते. स्पीकरच्या रात्री भेटलेल्या शेजारच्या बाई आता माझ्या ओन्नी आहेत. भारतातली बाई अमेरिकन फौजेबरोबर इथे कशी, याचं त्यांना फार नवल होतं. मी सांगितलं की १९५३ साली युद्ध थांबल्यावर कैद्यांच्या देखरेखीसाठी भारताचीही फौज इथे आली होती, आणि तिचे प्रमुख मेजर जनरल थोरात आमच्या कोल्हापूरकडचे. त्यांनी ते आपल्या सासऱ्यांना फोन करून सांगितलं. माझी मुलगी बाबाला कधी कधी अप्पा म्हणते ते ऐकून त्या थबकल्या, कारण कोरियनमध्येही वडील म्हणजे अप्पाच.

गेल्या हिवाळ्यात त्यांचा मुलगा सैन्यात भरती झाला. इथे मुलांना साधारण दीड वर्षाची सक्तीची सेवा असते. त्याला नोनसानच्या प्रशिक्षण केंद्राच्या दारात सोडून दोघं नवरा-बायको दुपारी परत आले. नवरा कामावर गेला. पाच मिनिटांनी माझ्या दारावर टकटक झाली. ओन्नी उभ्या होत्या, हातात काही नाही, अंगावर तोच कोट. मी काही विचारलं नाही. त्या चपला काढून आत आल्या, गरम फरशीवर भिंतीला टेकून बसल्या. मी वरणभात लावला होता, त्यावर तूप-लिंबू घालून वाटी पुढे केली. त्यांनी अर्धी वाटी खाल्ली, मग रडल्या. माझा नवराही त्या आठवड्यात सरावावर होता. दोन बायकांना दोघींच्या भाषेतले मिळून शंभर शब्द येत असतील, तेवढे पुरले. मी आत राहत असते तर त्यांनी आधी फोन केला असता का? केला नसता. अशा वेळी कुणी फोन करून, ओळखपत्र घेऊन, फाटकावर उभं राहून येत नाही.

हे माझं झालं. तुमचं वेगळं असू शकतं. तान्हं मूल असेल, पहिलीच परदेशातली बदली असेल, नवऱ्याचं काम वारंवार बाहेर राहण्याचं असेल आणि गाडी चालवायची सवय नसेल, तर पहिलं वर्ष आत काढण्यात शहाणपण आहे, आणि मी स्वतः तेव्हा बाहेर निभावले असते असं छातीठोकपणे म्हणणार नाही. मूल शाळेत जाणारं असेल, निदान दोन वर्षं मिळणार असतील आणि हाउसिंग ऑफिस पत्र द्यायला तयार असेल, तर मात्र बाहेरची दोन-तीन घरं बघून तरी या. घर बघताना फाटकाचं अंतर नकाशावर मोजू नका, सकाळी सहाला एकदा गाडी घेऊन जाऊन बघा. शेजारचं दार किती जवळ आहे तेही बघा. राहायला गेल्यावर आठवड्याच्या आत वर-खाली आणि शेजारी काहीतरी गोड घेऊन जा; इथे नव्या बिऱ्हाडाने लाल चवळीसारख्या पातच्या दाण्यांचा तांदळाचा केक वाटायची जुनी रीत आहे, आमच्याकडून रव्याचे लाडू गेले आणि ते चालले.

मिक्सर नक्की आणा. फक्त रात्री नऊनंतर चटणी वाटू नका, खालच्या मजल्यावर ऐकू जातं.