इंडोनेशियन बायबल मोबाइलवर: आठ महिने, एक वही आणि एक माफीनामा

गेल्या आठवड्यात अ‍ॅप अपडेट झालं आणि माझ्या आठ महिन्यांच्या खुणा पुसल्या गेल्या. पिवळ्या गेल्या, हिरव्या गेल्या, टिपाही गेल्या. त्या रागातच लिहायला बसलोय. अ‍ॅपचं नाव देत नाही, तक्रार अजून मिटलेली नाही.

मी मूळचा नगरचा, सध्या बांडुंगजवळ एका कापड गिरणीत नोकरीला. रविवारी इथल्या चर्चमध्ये जातो. त्याला इथे 'गेरेजा' म्हणतात, पोर्तुगीजांनी मागे ठेवलेला शब्द. उपासना सगळी इंडोनेशियनमधून आणि निम्मे लोक मोबाइलवरूनच वाचतात. छापील 'आल्किताब'पेक्षा (बायबलला इथे हेच म्हणतात) ई-बुक बरंच स्वस्त पडत होतं, विमानात वजनही लागत नाही, म्हणून घेतलं. भाषांतर १९७४ चं, 'तेर्जेमाहान बारू'. त्याची नवी आवृत्ती २०२३ मध्ये आली, पण आमच्याकडे अजून जुनंच वाचतात, आणि माझे पैसेही जुन्यातच अडकलेत.

अक्षर, अंधारातला मोड, बॅटरी, सगळं ठीक. गिरणीच्या बसमध्ये रेंज नसते, तरी उघडतं. अनुक्रमणिकेतून अध्यायापर्यंत दोन टिचक्यांत पोचता येतं. इथवर पाच तारे.

आता शब्दकोश. यावर मी बायकोशी, शेजाऱ्याशी आणि स्वतःशी इतका बोललोय की घरात या विषयावर बंदी आहे. शब्दावर बोट दाबून धरलं की अर्थ दिसतो, अशी जाहिरात होती. बोट दाबून धरलं की काय दिसतं? 'शब्द सापडला नाही.' कारण इंडोनेशियनमध्ये क्रियापदाला पुढून 'मे' चिकटतो आणि चिकटताना बऱ्याचदा मूळ शब्दाचं पहिलं अक्षर गिळतो. 'तुलिस' म्हणजे लिहिणे, त्याचं होतं 'मेनुलिस'. 'किरिम' म्हणजे पाठवणे, त्याचं 'मेंगिरिम'. 'कासिह' म्हणजे प्रेम, त्याचं 'मेंगासिही'. 'सेंबाह' म्हणजे वंदन, त्याचं 'मेन्येंबाह'. कोशात फक्त मूळ शब्द आहेत, आणि बायबलमध्ये पाहावं तिथे कुणीतरी कुणाला तरी पाठवतंय, वंदन करतंय नाहीतर प्रेम करतंय. म्हणजे नेमका जो शब्द अडतो तोच कोशात नाही. महागड्या कोशाची वेगळी वर्गणी आहे म्हणे. ती मी भरणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. (पैशाचाही आहे.)

शोधाचीही तीच गत. स्वर्गाला आजच्या इंडोनेशियनमध्ये 'सुर्गा' म्हणतात. मत्तयच्या पुस्तकात 'सुर्गा' शोधलं तर एकही निकाल नाही. अख्ख्या मत्तयात स्वर्ग नाही? दोन दिवसांनी कळलं, या भाषांतरात 'सोर्गा' लिहितात. एक स्वर बदलला आणि स्वर्ग हातचा गेला.

पहिले तीन महिने माझं मत होतं: दोन तारे, पैसे परत द्या. मग चिडून एक दोनशेपानी वही आणली आणि गिळलेली अक्षरं स्वतःच शोधायला लागलो. 'न' दिसला की मागे 'त' लावून बघायचा, 'म' दिसला की 'प', 'ङ' ऐकू आला की 'क'. महिनाभरात हात बसला. आणि मग लक्षात आलं की आपलं तरी काय वेगळं आहे? 'पाण्यात' हा शब्द कुठल्या मराठी कोशात सापडेल? तिथेही 'पाणी' माहीत असावं लागतंच.

वहीचा दुसरा फायदा म्हणजे ओळखीचे चेहरे दिसायला लागले. पृथ्वी 'बूमी', माणूस 'मानुसिया', उपवास 'पुआसा'. पाप म्हणजे 'दोसा', आपल्या दोषाचा भाऊ. 'सेरिगाला' बघून मी शृगाल म्हणून कोल्हा समजलो, तो निघाला लांडगा. सगळेच भाऊ प्रामाणिक नसतात. नोहाचं तारू म्हणजे 'बाहतेरा', संस्कृतातलं वहित्र. आणि पाळकाला म्हणतात 'पेंदेता', म्हणजे चक्क पंडित! माझ्या आजीकडे पंडिता रमाबाईंचं बायबलचं भाषांतर होतं, केडगावच्या मुक्ती छापखान्यातलं. ते १९२४ मध्ये पुरं छापून झालं, तेव्हा बाई जाऊन दोन वर्षं झाली होती. हे आमच्या पेंदेतांना सांगितलं, तर ते म्हणाले, आमच्याकडे १६२९ मध्ये मत्तय मलाय भाषेत छापला, डच व्यापारी रुयलने केलेला, आणि त्यात अंजिराच्या झाडाच्या जागी केळ आहे. इथे अंजीर कुणी पाहिलंय?

मोठ्याने वाचून दाखवायची सोय आहे, तिची एक गंमत. जुन्या करारात देवाचं खास नाव जिथे येतं तिथे 'तुहान' सगळं रोमन कॅपिटल अक्षरांत छापतात, नुसत्या 'प्रभू' अर्थाच्या 'तुहान'पासून वेगळं कळावं म्हणून. आपल्याकडे त्या जागी 'परमेश्वर' असतं. यंत्राला वाटतं हे एखादं संक्षिप्त रूप आहे. त्यामुळे २३ वं स्तोत्र सुरू होतं 'ते-उ-हा-आ-एन माझा मेंढपाळ', एखाद्या सरकारी खात्यासारखं. सुरुवातीला हसू यायचं. आता मीच मनात तसं वाचतो, ही एक कायमची तक्रार धरा.

तर खुणा गेल्या. कंपनीला लिहिलं. पहिलं उत्तर: अ‍ॅप काढून पुन्हा टाका. टाकलं. उरलंसुरलंही गेलं. दुसऱ्यांदा लिहिलं, तिसऱ्यांदा लिहिलं, मग एका ओळीचं उत्तर आलं, त्यात 'माआफ' एवढंच ओळखीचं आणि पुढे एक लांबलचक शब्द: 'केतिदाकन्यामानान'. सवयीने त्यांच्याच कोशात टाकला. 'शब्द सापडला नाही.'

वही घेतली. पुढचा 'के' आणि मागचा 'आन' काढला, 'तिदाक' म्हणजे नाही, उरलं 'न्यामान', म्हणजे सुखाचं, सोयीचं. गैरसोय! गैरसोयीबद्दल माफी मागत होते. वहीत लिहून ठेवला. वहीला अपडेट येत नाही.

सध्या तीन तारे. खुणा परत मिळाल्या तर चार करेन.